आईच्या नावावरचा डोस

अशी कल्पना करा, की तुम्ही सहावीत आहात आणि तुमची शाळा एका मोबाइलमध्ये भरते. तो मोबाइल तुमचा नाही, आईचा आहे. तुमच्या वर्गासाठी आई तो रोज घरी ठेवते आणि स्वतः बटणांचा जुना फोन पर्समध्ये टाकून कामावर जाते. पडद्याच्या डाव्या कोपऱ्याला तडा गेलेला असल्यामुळे त्या बाजूची मुलं तुम्हाला दोन-दोन दिसतात. विज्ञानाच्या बाई "आवाज येतोय का रे?" असं पाचव्यांदा विचारताहेत. आणि तेवढ्यात बाईंच्या कपाळावर वरून एक मेसेज उतरतो. त्यात तुमच्या आईचं नाव आहे. आता खरं सांगा, वाचाल की नाही?

चैतालीनेही वाचला. २०२१ सालच्या मार्चचा पहिला आठवडा होता. मेसेज इंग्रजीत होता, म्हणून तिने तो ओठ हलवत दोनदा वाचला. अर्थ एवढाच होता: शर्मिला ओव्हाळ, अभिनंदन, आपला लसीचा पहिला डोस पूर्ण झाला आहे.

"आबा!" चैताली ओरडली. माइक चालूच होता. बेचाळीस मुलांनी ती हाक ऐकली आणि बाई शांतपणे म्हणाल्या, "ओव्हाळ, तुझ्या आबांना विज्ञानाची एवढी ओढ असेल तर उद्यापासून त्यांनाही शेजारी बसव."

एवढं ओरडण्यासारखं त्या मेसेजमध्ये काय होतं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

चैतालीची आई शर्मिला शहरातल्या एका दवाखान्यात नर्स होती. वडील नाशिकला नोकरीला, महिन्यातून एकदा येणारे. विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांच्या घरात आई, चैताली आणि आबा, म्हणजे वडिलांचे वडील, अशी तिघंच असत. दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस बाळांना लशी देण्याचं काम शर्मिलाकडे होतं. तिचा हात हलका आहे असं बायका म्हणत आणि शर्मिलाच पाहिजे म्हणून बाकावर थांबून राहत.

चैताली सुट्टीत आईबरोबर जाऊन त्या बाकावर बसायची, त्यामुळे तिला खरं कारण ठाऊक होतं. बाकीच्या नर्स सुई पाठीमागे लपवायच्या, "काही होत नाही, काही होत नाही!" म्हणायच्या आणि टोचायच्या. पोरं मग दुखल्यापेक्षा फसवल्याच्या रागानेच जास्त किंचाळायची. शर्मिला सुई समोर धरायची. पाच वर्षांच्या पोराच्या डोळ्यांत बघून सांगायची, "दुखेल. आठ आकडे मोजेपर्यंत दुखेल, मग कमी होईल. मोज बघू." पोर रडत-रडत मोजायचं आणि बहुतेक वेळा सहा-सातवरच थांबायचं.

नंतर ती पोराच्या आईला चार वाक्यं सांगायची. आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी. घरी गेल्यावर काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं. पुन्हा कधी यायचं. आणि कार्ड जपून ठेवायचं. मागे कितीही रांग असली तरी ही चार वाक्यं सांगितल्याशिवाय ती पुढच्या बाळाला हात लावत नसे.

अशी ही शर्मिला. जानेवारीत करोनाची लस आली आणि सगळ्यात आधी दवाखान्यातल्या माणसांना द्यायची असं ठरलं, तेव्हा तिने ती घेतली नाही.

तिचा नंबर दोनदा आला. पहिल्या वेळी तिने बीपी वाढल्याचं सांगितलं. दुसऱ्या वेळी ताप असल्याचं सांगितलं. त्या दिवशी सकाळी चैतालीने खेळता-खेळता आईच्या काखेत थर्मामीटर लावला होता, तेव्हा ताप-बीप काही नव्हता. दवाखान्यात ती एकटीच अशी होती असंही नाही. चहाच्या खोलीत एकीला मूल व्हायचं होतं, एकीला अंगावर पित्त उठायचं, एकीच्या दिराने कुठलासा व्हिडिओ पाठवला होता. लसीची बाटली उघडली की दहा डोस; माणसं यायची सहा नाहीतर सात.

"आई, तू बाळांना देतेस मग स्वतः का घेत नाहीस?" चैतालीने एकदा भांडी पुसता-पुसता विचारलं होतं.

शर्मिला म्हणाली, "गेल्या वर्षी आम्हाला रेनकोट दिले होते, आठवतं?"

चैतालीला आठवत होतं. निळे, दुकानात मिळतात तसले साधे रेनकोट. आई मे महिन्याच्या उन्हात तो घालून पेशंट तपासायला उभी राहायची.

"संरक्षणाचे कपडे येईपर्यंत हेच घाला म्हणाले. काही होत नाही म्हणाले. आम्ही घातले. सहा जणी आजारी पडलो. आणि मच्छिंद्रमामा तर..."

मच्छिंद्रमामा दवाखान्यातले ड्रेसर, म्हणजे जखमांची मलमपट्टी करणारे, होते. रबरी हातमोज्यात हवा भरून ते चैतालीला पाच शेंड्यांचा कोंबडा करून द्यायचे. तेही आजारी पडून भरती झाले आणि परत आले नाहीत.

"आता लस आणली आणि परत तेच वाक्य," शर्मिला म्हणाली. "प्रशिक्षणाला मी उभं राहून विचारलं, हिचा उपयोग किती दिवस टिकेल? तर म्हणाले, ते पुढे कळेल. औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांचं काय? तर म्हणाले, सिस्टर, तुम्ही प्रश्न फार विचारता. सगळे हसले. मी बाळाच्या आईला चारही वाक्यं सांगते, चैतू. मला दोनच सांगितली."

शर्मिला लसीला घाबरत नव्हती असं म्हटलं, तर ते खोटं होईल. पण जास्त धसका तिने त्या एका वाक्याचा घेतला होता. ज्यांनी ते म्हटलं होतं, त्यांच्यापैकी कुणीच मच्छिंद्रच्या घरी भेटायला गेलं नव्हतं.

इकडे आबांचं वेगळंच. धोंडिबा ओव्हाळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं काम करून निवृत्त झाले होते. यंत्रांच्या आवाजाने कान जड झालेले आणि छातीला दमा. रात्री दोन उशांवर टेकून झोपायचे. मार्चच्या एक तारखेपासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली आणि खालच्या मजल्यावरचे रावसाहेब त्यांना न्यायला दोनदा येऊन गेले.

"चला ओव्हाळ, रांग नाही फारशी."

"हॉटेलातला आचारी स्वतःच्या हाताचं खात नसेल, तर आपण तिथे जेवायचं का हो?" आबा म्हणाले. "आमची शर्मिला आतली माणूस आहे. ती घेईल त्याच्या दुसऱ्या मिनिटाला मी घेईन."

शर्मिला आत पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

चैताली या दोघांच्या मधे होती. टीव्हीवर सांगत होते की म्हाताऱ्यांना आणि दमेकऱ्यांना जपा. आई रोज दवाखान्यातून यायची, दारातच चप्पल काढायची, कुणाला न शिवता न्हाणीत जायची आणि कपडे गरम पाण्याच्या बादलीत टाकायची. तरी ती यायची तर तिथूनच ना? चैताली मनात हिशेब मांडायची. आईने घेतली तर आबा घेतील. आईने नाही घेतली तर कुणीच नाही. एवढ्या एका गोष्टीवर घर टेकलेलं होतं आणि ती गोष्ट तिच्या हातात नव्हती.

म्हणून ती ओरडली. आता कळलं ना?

आबांनी मेसेज स्वतः पाहायला मागितला. चष्मा लावला, इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि 'शर्मिला' या नावावर थांबवलं.

"घेतली म्हणायची! आणि बोलली नाही बघ सकाळी. माझा सदरा दे."

"आत्ता?"

"दुसऱ्या मिनिटाला म्हटलं होतं मी. पाच मिनिटं झाली."

रावसाहेबांच्या स्कूटरवर मागे बसून आबा गेले आणि दीड तासाने आले ते दंडाला कापूस लावूनच. आल्या-आल्या त्यांनी जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला तो दाखवला. रावसाहेब म्हणाले, "तिथेही दाखवत होते. मी म्हटलं, अहो, इथे सगळ्यांनाच तो आहे."

संध्याकाळी शर्मिला आली. चप्पल, न्हाणी, बादली, सगळं नेहमीसारखं झालं. ओले केस पुसत ती बाहेर आली, तर आबा सदऱ्याची बाही वर करून खुर्चीत बसलेले.

"घेतली!" ते म्हणाले. "तू घेतलीस, मी घेतली. फिट्टंफाट."

"मी?" शर्मिला म्हणाली.

चैतालीने मोबाइल पुढे केला. शर्मिलाने मेसेज वाचला. पुन्हा वाचला. मग टॉवेलच्या टोकाने पडदा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. चैताली तिच्या तोंडाकडे बघत होती. आनंद, लाज, काहीतरी येईल म्हणून वाट बघत होती. आईच्या तोंडावर काहीच आलं नाही.

"छान केलंत, आबा," शर्मिला शेवटी म्हणाली. ती त्यांच्या पायांशी बसली आणि त्यांचा हात हातात घेऊन हळू आवाजात सांगायला लागली. रात्री अंग दुखेल, कदाचित ताप येईल, आला तर गोळी काढून ठेवते. अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा जायचं. कागद जपून ठेवायचा. आबा मान डोलावत होते.

जेवताना चैतालीने विचारलं, "आई, तुला दुखलं का गं?"

"नाही," शर्मिला म्हणाली.

चैतालीचा घास हातातच राहिला. सुई टोचल्यावर दुखत नाही, असं तिच्या आईने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबांचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. टोपीसुद्धा त्यांनी उजव्या हाताने घातली. शर्मिलाची त्या दिवशी सुट्टी होती. गच्चीवर तिने धुतलेल्या चादरी वाळत घातल्या आणि चैताली चिमटे देत उभी राहिली. आईचे दोन्ही हात डोक्याच्या वर जात होते, ओली जड चादर झटकत होते, तारेवर ताणत होते.

"आई, तू कुठल्या हाताला घेतलीस?"

शर्मिलाने चिमटा लावला.

"आबांचा हात वर जात नाहीये. तुझे दोन्ही जातात."

शर्मिलाने उरलेली चादर बादलीत ठेवली आणि बादलीच्या शेजारी, गच्चीच्या तापलेल्या फरशीवर बसली. "मी घेतली नाही, चैतू."

"मग मेसेज कसा आला?"

"दीपमालाने नाव लावलं."

दीपमाला म्हणजे दवाखान्यात लसीच्या टेबलावर कॉम्प्युटर घेऊन बसायची ती. चैताली तिला मावशी म्हणायची.

"बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवायची असते," शर्मिलाने सांगितलं. "काल दहामधले आठच आले. राहिलेले दोन टाकून द्यायचे, तर का टाकले ते लिहून द्यावं लागतं आणि वरून बोलणी बसतात. आणि चांगलं औषध गटारात ओतायला हात होत नाही गं. तिने एक वॉचमनच्या बायकोला दिला आणि एक तिला घरी न्यायला आलेल्या स्वतःच्या भावाला. त्यांची नावं यादीत बसत नव्हती. माझं नाव यादीत होतं आणि मी नव्हते, म्हणून भावाच्या डोसला तिने ते लावलं."

चैतालीने विचार केला. "म्हणजे तुझी लस दीपमालामावशीच्या भावाच्या दंडात आहे?"

"हो."

चैतालीला एकदम हसू आलं आणि आलं तसं गेलं. "मग सांग ना तिला, चूक दुरुस्त कर म्हणून."

"काल रात्री फोन केला होता. ती रडायलाच लागली. सहा-सहा महिन्यांच्या करारावर आहे तिची नोकरी, आणि पदरात दोन मुलं. म्हणते, ताई, तुम्हाला नकोच होती ना? मग तुमचं काय गेलं?"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? नकोच होती." शर्मिलाने ओल्या चादरीचं टोक पिळलं. "तुला खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी मागे लागणार नाही."

खालून कुणीतरी रेडिओ लावला होता.

"आबांना सांगू नकोस," शर्मिला म्हणाली. "त्यांनी घेतली हे फार चांगलं झालं. कळलं तर दुसऱ्या वेळी जायचे नाहीत. नाही ना सांगणार?"

आता तुम्हीच बघा. सांगितलं तर आबांचा दुसरा डोस बुडणार होता आणि मावशीची नोकरी जाणार होती. नाही सांगितलं तर आई तशीच राहणार होती. चैतालीने बराच वेळ दोन्ही बाजू धरून पाहिल्या आणि मग मान हलवली. नाही सांगणार.

मार्च पुढे सरकला तसं शहर बदललं. ॲम्ब्युलन्सचा आवाज आधी दिवसातून दोनदा यायचा, मग मोजणं सुटलं. शाळेच्या वर्गात पडद्यावरची एकेक चौकट काळी राहायला लागली. कुणाच्या घरी आजार, कुणाचं गाव. शर्मिला घरी यायची ती भिंतीला टेकूनच बसायची.

या दिवसांत तिच्या मनात हळूहळू काहीतरी फिरलं होतं. रोज संध्याकाळी ती आबांची नाडी बघायची, दंड बघायची, झोप कशी लागली ते विचारायची. दोन दिवस हात दुखला, एक रात्र कणकण, आणि त्यानंतर आबा पूर्वीसारखे रावसाहेबांशी वाद घालायला लागले. दवाखान्यात ज्यांनी घेतली होती त्यांच्याकडेही ती डोळे उघडे ठेवून पाहत होती. जी वाक्यं तिला कुणी सांगितली नव्हती, ती तिने अशी एकेक करून स्वतः भरून काढली. आणि एका सकाळी दीपमालाच्या टेबलापाशी जाऊन ती म्हणाली, "मला दे."

दीपमालाने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. शर्मिलाच्या नावापुढे हिरवी खूण होती. पहिला डोस पूर्ण. पहिला पुन्हा देता येत नव्हता. दुसरा आधी अठ्ठावीस दिवसांनी होता, तो आता निदान सहा आठवड्यांवर गेला होता.

"उरलासुरला तरी?" शर्मिलाने विचारलं.

"ताई, बाहेर बघा."

बाहेर पहाटेपासून रांग होती. दहाच्या बाटलीला पंधरा माणसं उभी होती. "जानेवारीत उघडलेल्या बाटल्या पडून राहायच्या," शर्मिला त्या दिवशी घरी आल्यावर म्हणाली, "आणि आम्हीच तोंड फिरवून चहा पीत होतो." हे ती चैतालीला म्हणाली की भिंतीला, ते कळलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यादी लागली. करोनाच्या नव्या वॉर्डात पंधरा दिवस राहायला कोण जाणार, त्याची. ज्यांना लस झाली आहे त्यांना आधी पाठवायचं, असं दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर शेफाली मॅडमनी ठरवलं होतं. लस न झालेल्यांनी बाहेर मांडवात पेशंटची नावं लिहून घ्यायची, झालेल्यांनी आत पेशंटपाशी जायचं. ठरवलेलं अगदी बरोबर होतं. शर्मिलाचं नाव 'झाली'च्या यादीत दुसरं होतं. सोमवारी सकाळी निघायचं होतं. आणि शनिवारी वरून आणखी एक आदेश आला, की दवाखान्यातल्या माणसांची नवी नावनोंदणी बंद. म्हणजे नव्याने नाव घालायचीही सोय राहिली नाही.

रविवारी शर्मिलाने चैतालीच्या वहीचं एक पान घेतलं आणि मॅडमना चिठ्ठी लिहायला बसली. चार ओळी लिहिल्या. पाचव्या ओळीत दीपमालाचं नाव आलं, तिथे पेन थांबलं. तिने पान फाडलं, बारीक तुकडे केले आणि शेगडीजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"तिची दोन पोरं आहेत," ती म्हणाली. "आणि चूक काय तिची एकटीची आहे? मी गेले असते त्या दिवशी, तर माझ्या नावावर मीच असते."

दुपारी आई झोपल्यावर चैतालीने मोबाइलवर लसीच्या सरकारी मदतीचा नंबर शोधून काढला आणि लावला. आपण रांगेत आहात, असं एक बाई हिंदीत सांगत राहिली आणि मधे-मधे गाणं वाजत राहिलं. अठरा मिनिटांनी एक माणूस बोलला. चैतालीने त्याला सगळं सांगायचा प्रयत्न केला. बाटली, दहा डोस, भावाचा दंड. त्याने आईचा नंबर विचारला, थोडा वेळ टकटक केलं आणि फार प्रेमाने म्हणाला, "बेटा, चिंता मत करो, आपकी मम्मी का तो हो गया है।"

"नाही झालं हो," चैताली म्हणाली. पण फोन बंद झाला होता.

सोमवारी सकाळी आठ वाजता दवाखान्याची गाडी कोपऱ्यावर आली. त्या आठवड्यात शहरातल्या बस बंद होत्या, म्हणून गाडीच सगळ्यांना घरून घेत होती. मागे तीन नर्स आधीच बसलेल्या. पुढे ड्रायव्हरशेजारी शेफाली मॅडम, मांडीवर यादी आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. चैताली आईची कपड्यांची पिशवी घेऊन खाली आली होती. काठी टेकत आबाही आले होते. येऊ नका म्हटलं तरी त्यांनी ऐकलं नव्हतं. चार पावलांवर रावसाहेबांशी ते मोठ्याने बोलत होते.

"आमच्या सुनेची काळजी नाही," आबा सांगत होते. "तिला लस झालीय. महिना झाला. आता तिला काही होत नाही."

शर्मिलाने ते ऐकलं. चैतालीने तिला ऐकताना पाहिलं.

गाडीशेजारच्या इमारतीतून आणखी एक नर्स धावत आली. मॅडमनी यादीत बघत विचारलं, "लस?"

"झाली, मॅडम."

"आत बसा. उशीर करू नका, तिकडे चौदा पेशंट खुर्चीवर बसून आहेत, आपल्याला मुहूर्त लागत नाही." त्यांनी पेनने खूण केली. "ओव्हाळ. लस?"

शर्मिला पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. गाडीत तिच्यासाठी सरकून जागा केली गेली होती. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "अगं सांग ना, झालीय ना तुझी मार्चमध्ये!" आबा आता रावसाहेबांशी बोलायचे थांबून सुनेकडे कौतुकाने बघत होते.

शर्मिलाने चैतालीकडे पाहिलं नाही.

"झाली," ती म्हणाली.

मॅडमनी यादीवर पेन टेकवलं.

चैतालीने पिशवी रस्त्याच्या कडेला ठेवली. ती गाडीला वळसा घालून पुढच्या खिडकीपाशी गेली आणि तिने दोन्ही हातांनी काचेची कड धरली, ड्रायव्हरला गाडी हलवता येऊ नये म्हणून. मग तिने तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला, कारण मास्कमधून बोललेलं आबांना ऐकू जात नसे आणि तिला त्यांनाही आता फसवायचं नव्हतं, आणि त्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "मॅडम, माझ्या आईला लस झालेली नाही."